शीतपेटी

१

पेटी गेली तेव्हा आम्ही सगळे आभाळाकडे बघत उभे होतो.

हसू नका. गोव्यात पाळीच्या पुढे, खाणींच्या लाल पट्ट्यात आमचं छोटं सरकारी आरोग्य केंद्र आहे. इथे आभाळातून आजवर ऊन आणि पाऊस याखेरीज काही उतरलेलं नाही. त्या दुपारी ड्रोन उतरला. डोंगराआडून आधी नुसती घरघर आली, मग तो फणसाच्या झाडाला वळसा घालून आला आणि आम्ही अंगणात चुन्याने आखलेल्या वर्तुळात नेमका बसला. पोटाखाली धरलेली निळी पेटी त्याने इतकी अलगद खाली ठेवली की चुनासुद्धा विस्कटला नाही. मोठ्या इस्पितळातून इथे यायचं तर खनिजाच्या ट्रकांच्या रांगेत अर्धा दिवस मोडतो. हा चहा निवायच्या आत आला होता. मी सगुण, या केंद्राचा फार्मासिस्ट. डोक्यावरचे केस पांढरे झाले, पण त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

नर्स रूपालीने पेटी उचलून आत नेली, बाळंतिणीच्या खोलीच्या दाराबाहेरच्या मेजावर ठेवली आणि ड्रोन परत उडताना बघायला धावत बाहेर आली. तिलाही दोष देऊ नका. तो उडाला, टिंबाएवढा झाला, दिसेनासा झाला, तरी आम्ही माना वर करून उभेच होतो.

पेटी तशी आमचीच. आदल्या दिवशी अँब्युलन्समधून रिकामी गेली होती, ती भरून आली. तिच्यावर आमच्या डॉक्टर निहारांनी स्वतःच्या हाताने पट्टी चिकटवली होती. डॉक्टर नाशिकचे. माणूस लाखात एक, फक्त शुद्ध मराठीचं भारी वेड. आल्याआल्या त्यांनी केंद्रातल्या प्रत्येक वस्तूचं बारसं केलं. थर्मामीटरचा तापमापक झाला, फ्रिजचं शीतकपाट झालं आणि माझा औषधनिर्माता झाला. मी आयुष्यात एक गोळी निर्माण केलेली नाही. ड्रोनला गगनदूत म्हणायचा प्रयत्न त्यांनी करून पाहिला, पण तो शब्द कुणाच्या तोंडी बसला नाही. पेटीवर मात्र ठळक अक्षरं होती: शीतपेटी. आणि खाली: सिद्धी, खाट दोन.

आम्ही अजून ड्रोनच्याच गप्पा मारत होतो तेवढ्यात रूपाली दारात आली. तिचा चेहरा उतरला होता.

"सगुणदादा, मेजावरची पेटी तुम्ही फ्रिजमध्ये ठेवलीत?"

मी ठेवली नव्हती.

२

पेटीत काय होतं ते आधी सांगतो, म्हणजे आमच्या तोंडचं पाणी का पळालं ते कळेल.

पेटीत बोटाएवढी एक कुपी होती. सिद्धीला आदल्या दिवशी मुलगा झाला. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आलेली. तिचं रक्त निगेटिव्ह, बाळाचं पॉझिटिव्ह. बाळंतपणात बाळाच्या रक्ताचे थेंब आईच्या रक्तात मिसळतात. आईचं शरीर त्या थेंबांना परकं समजतं आणि त्यांच्याशी लढायची हत्यारं तयार करून ठेवतं. या बाळाला त्याचा काही त्रास नाही, हे तर बाहेर आलं. पण पुढचं बाळ पोटात येतं तेव्हा तीच हत्यारं त्याच्यावर चालून जातात. आणि एकदा ती तयार झाली की मोडता येत नाहीत. बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत हे इंजेक्शन दिलं, तर मात्र ती तयारच होत नाहीत.

म्हणजे बघा, औषध आज आणि ज्याच्यासाठी ते द्यायचं तो माणूस अजून जन्मालाच यायचा आहे. इतकी वर्षं या कामात काढली, तरी हा विचार आला की मी हातातली कुपी दोनदा बघतो.

त्या आठवड्यात सगळीकडे या इंजेक्शनचा तुटवडा होता. मोठ्या इस्पितळाने राखून ठेवलेली कुपी आम्हाला पाठवली होती. दुसरी कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शिवाय ती थंडच राहायला हवी. ऊब लागली की तिचं पाणी झालं म्हणून समजा.

डिचोलीहून उपनिरीक्षक गौरवी गावस आली. मूळची वाळपईची, बोलायला मऊ आणि नजरेने कडक. तिने फ्रिज उघडून पाहिला. लशी जागच्या जागी होत्या. मेजाच्या खणात रूपालीचं पाकीट आणि मोबाइल तसाच होता.

"चोर मोठा शहाणा दिसतो," गौरवी म्हणाली. "पाकीट सोडलं, मोबाइल सोडला, आणि कुणालाही विकता न येणारी पेटी नेली."

मग ती मेजावर वाकली. आमच्याकडे दुपारपर्यंत प्रत्येक वस्तूवर खाणीच्या लाल धुळीचा थर बसतो. मेजावरही होता. फक्त मधोमध एक गोल जागा लखलखीत स्वच्छ होती, आणि कडेला अजून ओल होती.

"बोटांचे ठसे पुसलेत मॅडम," तिच्याबरोबर आलेला हवालदार म्हणाला.

गौरवीने मान डोलावली नाही.

३

तिने सगळ्यांना एकेक करून व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. मला शेजारी ठेवलं, माणसं ओळखायला.

पहिली रूपाली. ती रडवेली झाली होती. मेज तिने पुसलं नव्हतं. "पेटी ठेवली आणि बाहेर आले, एवढंच. तेवढ्यात खाणावळीची आनंदी येऊन तिच्या जेवणाच्या पेट्या घेऊन गेली. परेश औषधांची खोकी द्यायला आला होता. बाबुराव तर सकाळपासून इथेच आहेत."

परेशची पाळीला बोतिका आहे. औषधाच्या दुकानाला आमची जुनी माणसं अजून बोतिकाच म्हणतात. हेच इंजेक्शन त्याच्या एका गिऱ्हाइकाला हवं होतं, म्हणून चार दिवस तो माझ्या मागे लागला होता.

"त्याका मिळाला," परेश म्हणाला. "काल बेळगावसून इला, एकच होता. गिऱ्हाइकाक फोन करून विचारा. सगुणदादा, तुमका माझो संशय येता?"

मला येत होता. मी फणसाकडे बघत राहिलो.

मग बाबुराव आले. सिद्धीचे सासरे. सिंधुदुर्गातले, दोडामार्गाकडचे, खनिजाचा ट्रक चालवणारे. इंजेक्शनला त्यांचा उघड विरोध. सकाळीच डॉक्टरांशी वाद घालून झाला होता.

"जो अजून जन्माकच इल्लो नाय, तेच्यासाठी माझ्या सुनेक आताच सुई कित्याक?" आमच्यासमोरही त्यांनी तेच सांगितलं. "पण मी नको म्हटलंय ता तोंडार म्हटलंय. लपानछपान करूची माका सवय नाय."

"सगळे बाहेर असताना तुम्ही आत गेला होतात?"

"गेलंय. नातवाक बघूक. ड्रोन काय, पोरांचो खेळ."

"मेजावर पेटी होती?"

बाबुरावांनी आठवून पाहिलं. "नाय. मेज वला होता. मी टोपी ठेवूक गेलंय तर हाताक पाणी लागला."

म्हणजे ते आत जाण्याआधीच पेटी गेली होती. खरं बोलत असले तर.

शेवटी विमलामावशी, सिद्धीची आई. तिला बाहेर बोलवायचं गौरवीच्या जिवावर आलं, म्हणून आम्हीच खोलीत गेलो. खोलीत जीव घुसमटत होता. पंखा बंद, खिडक्या बंद, सिद्धीच्या कानांवरून फडकं घट्ट बांधलेलं. बाळ आईच्या कुशीत मुठी वळून झोपलं होतं. मी हातातली पाण्याची बाटली सिद्धीच्या उशाशी ठेवायला गेलो तर मावशीने ती वाटेतच काढून घेतली.

"थंड आसा तां," ती म्हणाली आणि वाफाळती पेज लेकीच्या पुढ्यात सरकवली.

"मावशे, तू कुठे होतीस?" गौरवीने विचारलं.

"हयच. मदीं पेज हाडूक भायर गेल्लंय, परत इलंय."

"इंजेक्शन कुणी नेलं, पाहिलंस?"

विमलामावशीचे डोळे भरून आले. "इंजेसांव माका दिसलाच ना, बाय. दोतोर म्हणता, त्या इंजेसांवार माझ्या चेडवाचो पुडलो संसार आसा. दिसला आसता तर मी पदरात धरून बसल्लंय आसतंय."

ती खरं बोलत होती. तिच्याकडे बघून दगडालाही ते कळलं असतं. पंचाईत अशी होती की बाकीचेही खरंच बोलत होते.

४

गौरवी पुन्हा त्या मेजापाशी येऊन उभी राहिली. डॉक्टर निहार येरझारा घालत होते.

"हवालदार म्हणतो ठसे पुसले," ती म्हणाली. "मग दाराची कडी का नाही पुसली? तिथे लाल धुळीत पाची बोटं उमटलीत. खुर्चीची पाठ पुसली नाही, मेजाची कडा पुसली नाही. पेटी जिथे टेकली होती तेवढीच जागा पुसली, तीही पाणी घालून. चोर आहे की कोण आहे हा?"

तिने हवेतच हात गोल फिरवला. तो हात मी कुठेतरी पाहिला होता.

"सगुणदादा, घरी जेवणं झाली की ताट उचलल्यावर ती जागा कोण पुसतं?"

"बायको."

"काही सांडलेलं नसलं तरी?"

"सांडू दे नाहीतर न सांडू दे. खरकटं ते खरकटं. शीत ठेवलं होतं म्हटल्यावर तिथे पाणी फिरवायलाच..."

मी बोलता बोलता थांबलो. समोर फ्रिज होता आणि फ्रिजवर डॉक्टरांची पट्टी होती. शीतकपाट.

गौरवीनेही तीच पट्टी पाहिली. "डॉक्टर, हरवलेल्या पेटीवर काय लिहिलं होतं?"

"शीतपेटी," डॉक्टर जरा अभिमानानेच म्हणाले. "शीत म्हणजे थंड. अगदी सोपा शब्द आहे."

"नाशिकला असेल," गौरवी म्हणाली. "इथे शीत म्हणजे शिजवलेला भात. पेडण्यापासून काणकोणापर्यंत कुठल्याही घरी विचारा."

डॉक्टरांनी पट्टी पुन्हा वाचली. मला हसू आलं आणि लगेच विरलं. कारण आता मला दिसत होतं: निळी पेटी, वर ठळक अक्षरांत भाताचा डबा, खाली सिद्धीचं नाव. आणि हात लावला तर गारठलेली.

"इतका वेळ आपण सगळ्यांना औषधाबद्दल विचारतोय," गौरवी म्हणाली. "ज्याने पेटी उचलली त्याने औषध पाहिलेलंच नाही. मग तो काय सांगणार?"

५

खोलीच्या दारात उभी राहून तिने एवढंच विचारलं, अगदी घरातल्यासारखं:

"मावशे, तां थंड शीत खंय दवरलंस गो?"

विमलामावशीने मानही वर केली नाही. "आनंदीच्या डब्यांत दवरलंय. परत धाडूक."

"कित्याक?"

"कित्याक म्हणजे? बाळंतिणीक थंड शीत दितत खंय? हात लायलो तर बर्फ. दोतोर भायलो, तेका म्हायती आसची ना. उगीच तेका वायट दिसात म्हणून मी कोणाक सांगूक ना. जागो पुसलो आनी पेटी भायर बाकार दवरली."

मग आमचे चेहरे पाहून तिच्या हातातला चमचा खाली आला. "कितें जालां?"

उत्तर द्यायला कुणी थांबलं नाही. आनंदीची खाणावळ गावाच्या वरच्या टोकाला आहे. आमच्या रुग्णांना आणि खाणीतल्या कामगारांना तीच जेवण पुरवते, गरम राहावं म्हणून तसल्याच जाड निळ्या पेट्यांतून. आणि रिकाम्या पेट्या आल्या की त्या ती उकळत्या पाण्यात बुचकळून काढते. त्या स्वच्छतेबद्दल डॉक्टरांनी गेल्याच महिन्यात तिचं कौतुक केलं होतं.

मी फोन लावत राहिलो. आनंदीचा फोन पिशवीत वाजतो आणि आनंदी चुलीपाशी असते, हे आख्ख्या गावाला ठाऊक. जीप निघाली आणि वळणावरच ट्रकांच्या रांगेत अडकली. पुढचा ट्रक नेमका बाबुरावांच्या ओळखीचा. बाबुराव आमच्याबरोबर कधी चढले ते मला कळलंच नव्हतं. त्यांनी खाली उतरून असा आवाज लावला की रांग दुभंगली. ज्या सुईला त्यांचा विरोध होता, तिच्यासाठी ते धुळीत उभे राहून ट्रक हटवत होते.

आनंदीच्या परसात तांब्याचं भलंमोठं भाण चुलीवर होतं. पाणी खदखदत होतं. धुतलेल्या पेट्या उन्हात पालथ्या घातल्या होत्या, ओळीने. आनंदीच्या हातात शेवटची पेटी होती.

"बरे इलात," ती म्हणाली. "दोतोरांची ही शीतपेटी उघडताच ना. सील मारलां. म्हटलां, उकळत्या पाण्यात बुडयलंय म्हणजे सुटात."

डॉक्टरांनी तिच्या हातातून पेटी जवळजवळ ओढूनच घेतली. सील कापलं. आत बर्फाच्या पिशव्या, त्यांच्या मधोमध कुपी, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला राईएवढा दिवा. थंडी मोडली तर तो लाल होतो.

दिवा हिरवा होता.

डोंगरावरून उडून, बाकावरच्या उन्हात पडून, आनंदीच्या स्कूटरवर खड्ड्यांतून आदळत येऊन आणि चुलीच्या धगीला बसूनही तो हिरवा होता. आम्ही पाच माणसं त्या एवढ्याशा उजेडाभोवती वाकून उभी राहिलो. देवळात गाभाऱ्यासमोर होतं तसं झालं मला. कुणीतरी अनोळखी माणसाने आपलं रक्त दान केलं, त्यातून हे औषध निघालं, कुणीतरी ते जपलं, कुणीतरी उडवलं, आणि ते आमच्या डोंगरातल्या एका पोरीसाठी थंड राहिलं. एवढी माणसं एकमेकांना न ओळखता एका न जन्मलेल्या जीवाच्या बाजूने उभी होती. बाबुरावांनी डोक्यावरची टोपी काढली.

६

सिद्धीला इंजेक्शन मिळालं. गोष्ट इथे संपली असती, पण गौरवीला एक गाठ अजून सुटलेली नव्हती.

"मावशे, थंड शीताचं एवढं भय का?"

विमलामावशी कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. आपण काय करून बसलो होतो हे तिला एव्हाना कळलं होतं. तिने मान खाली घालूनच सांगितलं. तिचा थोरला श्रीनाथ धडधाकट जन्मला. त्या बाळंतपणात तिने एकदा भूक लागली म्हणून आदल्या दिवशीचं शीत आणि कालची कडी, म्हणजे रात्रीचं उरलेलं कालवण, खाल्ली. पुढे दोन मुलगे झाले. दोघेही जन्मल्याजन्मल्या हळदीसारखे पिवळे पडले आणि गेले.

"सासू म्हणाली, ती थंडी तुझ्या आंगात रवली, ती पुडल्या पोरांक बाधली. मगीर मी थंड सोडलां. काढे घेतले, ऊन पाणी प्यालंय. आनी सिद्धी झाली. जगली. तवसावन मी थंड शीत तोंडाक लावूक ना."

डॉक्टर उठले, काही न सांगता त्यांनी मावशीचं बोट हातात घेतलं, टोचलं आणि रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तपासला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होतो. मलाही तोवर अंदाज आला होता.

"निगेटिव्ह," डॉक्टर म्हणाले. मग ते मावशीसमोर जमिनीवर बसले. त्यांची शुद्ध मराठी कुठे गेली देव जाणे, अगदी साधं बोलले. "मावशी, पहिल्या बाळंतपणात तुमच्या अंगात काहीतरी राहिलं आणि ते पुढच्या मुलांना बाधलं, हे अगदी बरोबर. फक्त ते शीत नव्हतं. ते श्रीनाथच्या रक्ताचे थेंब होते. तुमचं रक्त निगेटिव्ह, त्यामुळे पुढच्या दोन पॉझिटिव्ह बाळांवर तुमचं शरीर चालून गेलं."

"आनी सिद्धी?"

"सिद्धीचं रक्त तुमच्यासारखंच निगेटिव्ह. तिच्याशी लढायला तुमच्या शरीराकडे काही नव्हतंच. म्हणून ती जगली. काढ्यांनी नाही."

गौरवी हळूच म्हणाली, "तुझा तपास बरोबर होता, मावशे. आरोपी तेवढा चुकला."

विमलामावशीने लेकीकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "म्हणजे मी खाल्लंय म्हणून ते गेले नात?"

"नाही, मावशी."

"हें इंजेसांव तेन्ना आसल्लां?"

औषध तेव्हाही जगात होतं. आमच्या डोंगरात नव्हतं. मी औषधं देणारा माणूस, मला मान वर करता येईना.

संध्याकाळी आनंदी जेवण घेऊन आली. दुपारच्या भीतीने तिने दोन भाज्या जास्त केल्या होत्या. डॉक्टर केंद्रभर फिरून आपल्या पट्ट्या सोलून काढत होते. निळ्या पेटीवर त्यांनी नवी पट्टी लावली: बर्फाची पेटी, जेवण नव्हे.

विमलामावशी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. आनंदी तिला वाफाळतं शीत वाढायला लागली तर तिने ताटावर हात आडवा धरला.

"सकाळचां उरलां?"

"उरलां. पण तां थंड आसा, मावशे."

"तांच दी. आनी कालची कडी आसली तर ती."

आनंदीने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तिने थंड शीत वाढलं, वर कडी ओतली. मावशीने पहिला घास कालवला आणि हातातच धरून ठेवला. आत बाळ रडायला लागलं, सिद्धी त्याला उगी करू लागली. मावशीने घास तोंडात घातला. चावताना तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, तिने ते पुसलं नाही. ताट रिकामं झालं तसं तिने ते पुढे केलं.

"आनी थोडां वाढ गो," ती म्हणाली.